टोरोंटोचे ‘द स्टॉप’: पंगत उत्तम, बाजार महाग

टोरोंटोतील ‘द स्टॉप’ या सामुदायिक अन्न केंद्राची ओळख बहुतेकांना विचवुड बार्न्समधील शनिवारच्या शेतकरी बाजारातून होते, आणि त्यामुळेच या संस्थेविषयी गैरसमजही होतो. १९१३ ते १९२१ या काळात उभ्या राहिलेल्या ट्रामच्या जुन्या आगारात हा बाजार वर्षभर भरतो. उन्हाळ्यात मोकळ्यावर आणि थंडीत आत, उंच छताखाली. विटांच्या भिंतींच्या कडेने सफरचंदे, मध, चीज आणि ताज्या पावांची टेबले लागतात, विकणारा बहुधा त्याच शेतावरचा असतो आणि पीक कसे आले याचे सरळ उत्तर देतो. माल निवडक असतो, भावही तसेच चढे असतात. एवढेच पाहून परतणाऱ्याला ही संस्था भुकेल्यांसाठी निघाली आहे, हे सांगूनही पटणार नाही.

खरे काम डेव्हनपोर्ट भागात चालते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस शहरातील केन्सिंग्टन मार्केट या वस्तीतल्या एका चर्चच्या आधाराने गरजूंना अन्न देण्याचे हे काम सुरू झाले, आणि १९९८मध्ये निक सॉल यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हाही ही संस्था प्रामुख्याने एक दाटीवाटीची फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट शिधा वाटणारे केंद्रच होती. कॅनडातील पहिली फूड बँक १९८१मध्ये एडमंटनला निघाली, तीही तात्पुरती सोय म्हणून. पण ही तात्पुरती सोय देशभर कायमची होऊन बसली. दात्यांकडे जे उरले ते डब्यांत आणि पाकिटांत भरून रांगेतल्या माणसाच्या हाती ठेवायचे, या पद्धतीत त्याला काय हवे आहे आणि काय पचते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सॉल यांनी फूड बँक बंद केली नाही. तिच्या भोवती स्वयंपाकघर, बाग आणि हक्कांचे काम उभे केले.

माझ्या मते केंद्राचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे तेथील जेवण. ताज्या भाज्यांवर भर देऊन रांधलेले अन्न अनोळखी माणसे एकाच टेबलाभोवती बसून खातात, आणि वाढणाऱ्यांत कालपर्यंत जेवायला येणारेही असतात. गरोदर स्त्रिया व नवमातांसाठी स्वतंत्र उपक्रम आहे, त्यात आहाराचा सल्ला आणि प्रत्यक्ष अन्न दोन्ही मिळते. सल्ला देऊन रिकाम्या हाताने घरी पाठवणाऱ्या आरोग्य कार्यक्रमांनी हे पाहण्यासारखे आहे. अर्ल्सकोर्ट पार्कमधील बागेत स्वयंसेवकांनी पिकवलेली भाजी याच उपक्रमांकडे जाते.

विचवुड बार्न्समधील ‘ग्रीन बार्न’ हे संस्थेचे दुसरे केंद्र २००८च्या अखेरीस सुरू झाले. तेथे हरितगृह आहे, बाहेर भट्टी आहे, मुलांना रांधायला शिकवण्याची सोय आहे. शहरातील निरनिराळ्या स्थलांतरित समाजांच्या भाज्यांचे वेगवेगळे वाफे करण्याची कल्पना तर विशेष आवडण्यासारखी होती, कारण त्यात जाणकार ठरतात ते त्या त्या समाजातील वृद्ध. भेंडी किंवा कारले टोरोंटोच्या आखूड उन्हाळ्यात घ्यायचे, तर रोपे आधी उबेत तयार करून थंडी सरल्यावरच बाहेर लावावी लागतात. आपल्याकडे भाजीपाला पिकवलेल्या आजीलाही हे गणित नव्याने बसवावे लागते. (सून ऐकते की नाही, हा वेगळा प्रश्न.)

आता उणिवा. उत्पन्नच अपुरे असेल, तर कितीही चांगली पंगत पुरी पडत नाही. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत एकट्या माणसाचा सरकारी निर्वाहभत्ता २०१८मध्ये महिना ७३३ डॉलर झाला आणि पुढे अनेक वर्षे तेथेच थांबला. त्यात घरासाठी धरलेली रक्कम ३९० डॉलर. एवढ्यात टोरोंटोत खोली मिळणेच कठीण, म्हणून कात्री प्रथम जेवणाला लागते. संस्था हे जाणून आहे, आणि भत्त्यात अन्नाचा खर्च धरावा या मागणीत ती पूर्वीपासून पुढे राहिली आहे, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण तिचा स्वतःचा गाडा मोठ्या प्रमाणात देणग्यांवर चालतो, त्यासाठी नामांकित शेफना बोलावून तिकिटाच्या खाद्यजत्रा भरवाव्या लागतात, आणि श्रीमंतांच्या चवीवर गरिबांचे ताट अवलंबून राहते. शिवाय ज्या वस्तीत बाजार भरतो ती वस्ती आणि जेथे लोक जेवायला येतात ती वस्ती, या दोहोंच्या ऐपतीतील अंतर ‘स्थानिक शेती’ या घोषणेने मिटत नाही. शेतकऱ्याला रास्त भाव मिळायला हवा, हे खरे. तो भाव भत्त्यावर जगणाऱ्याला परवडत नाही, हेही तितकेच खरे. डेव्हनपोर्टमध्ये स्वस्त दराने भाजीविक्री करून संस्थेने ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला, तो मला बाजारापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

२०१२मध्ये सॉल यांनी ‘कम्युनिटी फूड सेंटर्स कॅनडा’ ही देशव्यापी संस्था सुरू केली. ऑन्टारियोतील स्ट्रॅटफर्ड आणि पर्थ येथील केंद्रे तिच्या पहिल्या फळीतली. त्यांचा व्याप लहान असल्याने पद्धत समजून घ्यायला ती अधिक सोपी आहेत. टोरोंटोत राहणाऱ्यांनी मात्र केवळ शनिवारी पिशवी घेऊन न जाता उन्हाळ्यात बागकामासाठी किंवा एरवी स्वयंपाकघरात स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे, आणि जाण्यापूर्वी संस्थेकडे वेळा विचारून घ्याव्यात, कारण प्रत्येक उपक्रमाचे दिवस वेगळे असतात.