पेटीवाल्याच्या घरी पियानो: यामाहा पी-45, दीड वर्ष वापरून

आधीच सांगतो, मी पेटीवाला माणूस. लहानपणी आईकडून शिकलो, भजनी मंडळात साथ केली, मग नोकरी लागली आणि पेटी माळ्यावर गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोक्यात आलं की पियानो शिकायचा. म्हणलं पट्ट्या तर त्याच, काळ्या पांढऱ्या, दोन महिन्यात हात बसेल. हा गैरसमज उतरायला पहिल्या क्लासची पंधरा मिनिटं पुरली.

त्यात आधी एक माती खाल्लेली. 61 कीचा एक स्वस्तातला कीबोर्ड घेतला होता, कंपनीचं नाव राहू दे. शेकडो आवाज, ढीगभर ताल, कुत्रं भुंकतं तो सुद्धा आवाज आहे त्यात, पण की हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, सूर तेवढाच. मला हे खटकलंच नाही, कारण पेटीत पण आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, बोटाने नाही. क्लासमध्ये मॅडमकडे खरा अपराइट पियानो आहे, तिथे घरी घोटून नेलेलं वाजवायला बसलो तर निम्मे सूर उमटेचनात आणि अंगठ्याचा मात्र धाडकन. मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, घरी कशावर वाजवता?" सांगितलं. "मग बोटांना काही शिकवलंच नाहीये तुम्ही अजून."

तर मग हा पी-45, विजेवर चालणारा डिजिटल पियानो, सेकंडहँड. 88 की, म्हणजे खऱ्या पियानोएवढ्याच, 52 पांढऱ्या 36 काळ्या. आत तारा बिरा काही नाहीत, पण प्रत्येक कीला हॅमरचं, म्हणजे खऱ्या पियानोत तारेवर आपटते त्या हातोडीचं, वजन दिलंय, खर्जाकडे जड आणि तारसप्तकाकडे हलकं होत जातं, खऱ्या पियानोत असतं तसं. की किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो. पहिल्या आठवड्यात करंगळी अक्षरशः दुखली. पेटीवर करंगळी म्हणजे पाहुणी, लागली तर लागली, आणि इथे ती रोज ड्यूटीवर.

पण खरी गोची डाव्या हाताची. तीस वर्षं त्याने फक्त भाता मारलाय हो! सी मेजर स्केलला (सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक; अंगठा 1, करंगळी 5) उजव्या हाताची बोटं 1 2 3, मग अंगठा खालून काढून परत 1 2 3 4 5, आणि डावा त्याच वेळी 5 4 3 2 1 3 2 1, म्हणजे उजव्याचा अंगठा चौथ्या सुरावर वळतो आणि डाव्याचं मधलं बोट सहाव्या सुरावर वरून येतं, दोघांचं वळण वेगवेगळ्या ठिकाणी, आणि मेंदू मध्ये उभा. मला हे एकत्र जमायला सहा आठवडे लागले, सांगायला लाज नाही. मॅडम मागून म्हणायच्या, "काका, डावा हात परत भाता मारतोय," आणि बघावं तर खरंच तळवा आडवा होऊन पुढे-मागे हलत असायचा.

दुसरं म्हणजे पेटीचा सूर धरला की राहतो, पियानोचा धरला तरी विरत जातो. त्यामुळे लांब सूर आला की मी वेड्यासारखा की अजून दाबायचो. दाबून काही होत नाही, सूर गेला तो गेला.

एक दिवस आई आली राहायला. चौऱ्याहत्तर वय, चष्मा लावून बसली, म्हणाली "सा कुठला रे यात?" म्हणलं कुठलाही धर. तिने काळी तीनचा सा धरला आणि एकाही पांढऱ्या कीला हात न लावता भूप राग वाजवला, काळ्या पाच पट्ट्यांवर सा रे ग प ध बरोब्बर बसतो ना. डावा हात मात्र सारखा मागे जाऊन भाता शोधत होता. मग स्वतःच हसली, "याला वारा कोण घालतं?"

बाकी मशीनबद्दल. 10 आवाज आहेत, दोन ग्रँड पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, हार्प्सिकॉर्ड वगैरे, तबला नाही. मी पहिला सोडून बाकीचे महिन्यातून एकदा लावत असेन. स्क्रीन नाही, आवाजाचं बटण, पॉवर आणि अजून एकच बटण, ते दाबून धरून ठराविक की दाबली की मेट्रोनोम (लयीचे ठोके), ट्रान्सपोज (पट्टी बदलणं) वगैरे. मी चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय. ड्युओ म्हणून सोय आहे, त्यात पट्टा मधोमध विभागतो आणि दोघं शेजारी बसून एकाच सप्तकात वाजवू शकतात, शिकवणारा आणि शिकणारा. अर्धा तास हात लावला नाही तर आपोआप बंद होतो, सगळ्यात खालची की दाबून धरून चालू केला तर ते होत नाही.

हेडफोन लावून रात्री वाजवता येतो हे खरं, पण हॅमर म्हटला की खटखट आली, कुठल्याही ब्रँडचा घ्या. मला कानात पियानो, बायकोला बाहेर नुसतं ठक ठक ठक. खालच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "रात्री खलबत्ता लावता का हो?" पायाखाली आता जुनी सतरंजी दुहेरी घालतो, काकू गप्प आहेत.

स्टँडवर पैसे वाचवू नका. मी एका दुकानातून कात्रीसारखा एक्स स्टँड आणला, जोरात वाजवलं की सगळं पाळण्यासारखं हलायचं, शेवटी सुताराकडून टेबल करून घेतलं. वजन साडेअकरा किलो म्हणजे एकटा उचलू शकतो, पण लांबी जवळपास 133 सेंटीमीटर आहे, लिफ्टमध्ये आडवा जात नाही, उभा धरून नेला.

नवा आता याच्या जागी पी-145 मिळतो, 2023 ला आला, तो थोडा अरुंद आणि त्याची की-अॅक्शन, म्हणजे की दाबल्यावर हलणारी आतली यंत्रणा, वेगळी आहे, दुकानात वाजवून बघा. पी-45 सेकंडहँड घेत असाल तर 88 च्या 88 की एकेक करून आधी हळू आणि मग जोरात दाबून बघा, विकणारा कंटाळला तरी. मधली दोन सप्तकं जास्त वापरलेली असतात, तिथे एखादी की शेजारणीपेक्षा खाली बसलीये का ते डोळा पट्ट्यांच्या लेव्हलला आणून बघायचं. आणि अडॅप्टर 12 व्होल्टचा लागतो, तो विसरून आलो नाही ना हे निघायच्या आधी पिशवीत हात घालून बघा, मी विसरलो होतो, त्याच संध्याकाळी विकणाऱ्याकडे परत हडपसरला गेलो.