चार्लीची हातगाडी की एमाचे दुकान?

मराठी कादंबरीत शेतकरी, मास्तर आणि कारकून जागोजागी भेटतात, पण दुकानदार मात्र बहुधा उधारीची वही घेऊन दारात येणारा दुय्यम माणूस असतो. त्यामुळे गल्ल्यावर बसलेल्या माणसाची महत्त्वाकांक्षा आणि त्या महत्त्वाकांक्षेखाली वाढलेल्या दोन-तीन पिढ्या यांची ऐसपैस कहाणी वाचावीशी वाटली, की आपला वाचक इंग्रजीकडे वळतो आणि तेथे त्याच्यासमोर दोन जाड ठोकळे येतात. एक म्हणजे जेफ्री आर्चर यांची १९९१ सालची 'अ‍ॅज द क्रो फ्लाइज' आणि दुसरी म्हणजे बार्बरा टेलर ब्रॅडफर्ड यांची १९७९ सालची 'अ वुमन ऑफ सबस्टन्स'. दोन्ही मिळून दीड हजार पानांच्या घरात जातात. दोन्ही एकापाठोपाठ वाचण्याची चिकाटी सर्वांनाच नसते, म्हणून कोणती आधी हातात घ्यावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. रहस्ये फुटू नयेत याची शक्य तेवढी काळजी घेतली आहे.

आर्चर यांचा चार्ली ट्रम्पर लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपलचा. आजोबांची भाजीफळांची हातगाडी हीच त्याची शाळा; पहाटे कॉव्हेन्ट गार्डनच्या बाजारात जाऊन माल पारखायचा, तो गाडीवर आकर्षक मांडायचा आणि आरोळीने गिऱ्हाईक थांबवायचे, हे तो तेथेच शिकतो. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर चेल्सी टेरेस या रस्त्यावरील १४७ क्रमांकाच्या दुकानापासून त्याची वाटचाल सुरू होते आणि पुढे ती संपूर्ण रांग एका नावाखाली आणण्याचे वेड तो घेतो. हे कल्पनेचे खेळ वाटत असतील, तर जॅक कोहेन यांचे उदाहरण पाहावे. हवाई दलातून सुटल्यावर त्यांनी १९१९ मध्ये पूर्व लंडनच्या बाजारात ठेला लावला आणि त्यातूनच पुढे 'टेस्को' ही ब्रिटनमधील दुकानांची साखळी उभी राहिली.

ब्रॅडफर्ड यांची एमा हार्ट यॉर्कशायरची. फेअरली हॉल या जमीनदारी वाड्यात स्वयंपाकघरातली मोलकरीण म्हणून ती राबते, मालकाच्या मुलाकडून दिवस जातात, आणि घर सोडून ती लीड्स गाठते. आर्मली भागात तिचे छोटे दुकान उभे राहते आणि तेथून प्रवास थेट लंडनच्या नाइट्सब्रिजमधील भव्य दालनापर्यंत जातो. लीड्स हे लेखिकेचे जन्मगाव, आणि शहराच्या वर्णनात ती ओळख उतरलेली दिसते. एमाला हात देणारे कालिन्स्की हे ज्यू शिंपी कुटुंबही त्या शहराच्या इतिहासाशी सुसंगत आहे, कारण पुढे 'मार्क्स अँड स्पेन्सर' दुकानांचे संस्थापक ठरलेल्या मायकेल मार्क्स या ज्यू स्थलांतरिताने १८८४ मध्ये आपला पेनी बाजाराचा ठेला लीड्सच्याच मंडईत थाटला होता.

येथवर दोन्ही कथा एकाच साच्यातल्या वाटतील. परंतु वाचकांच्या प्रतिक्रिया ऐकू लागलो, की दोन्ही पुस्तकांवरचे आक्षेप अगदी निरनिराळे असल्याचे ध्यानात येते, आणि निवड करणाऱ्याला स्तुतीपेक्षा हे आक्षेपच अधिक उपयोगी पडतात.

आर्चर यांच्याविषयीची पहिली तक्रार रचनेची आहे. कादंबरीचे भाग वेगवेगळ्या पात्रांच्या नावाने येतात: चार्ली, त्याची भागीदार आणि पुढे पत्नी झालेली बेकी सॅल्मन, तिची उच्चभ्रू मैत्रीण डॅफ्नी, कर्नल हॅमिल्टन आणि इतर काही जण. त्यामुळे एका प्रसंगाचे दोन-दोनदा दर्शन घडते. काही वाचकांना यात गंमत वाटते, कारण पहिल्यांदा जे लपले होते ते दुसऱ्यांदा उघड होते. तर काहींना पुढे गेलेली गाडी पुन्हा मागे ढकलल्यासारखी वाटते. माझे मत दुसऱ्या गटाच्या जवळचे आहे, मात्र बेकीच्या भागापुरता अपवाद करावा लागेल. चार्लीला माल कळतो, पण हिशेब, भांडवल आणि जागेची किंमत बेकीला कळते. धंदा दोन डोक्यांनी चालतो, हे तिच्या तोंडून आल्याशिवाय पटले नसते.

दुसरी तक्रार योगायोगांची आणि काळ्या-पांढऱ्या पात्रांची आहे, आणि ती रास्त आहे. चार्लीचा युद्धातील वरिष्ठ अधिकारी गाय ट्रेन्थॅम आणि त्याहूनही अधिक त्याची आई यांच्याशी जडलेले वैर दशकानुदशके चालते. मिसेस ट्रेन्थॅम इतक्या अथकपणे दुष्ट आहेत, की आपल्याकडील दूरचित्रवाणी मालिकांतल्या सासूलाही त्यांच्याकडून काही शिकता यावे. याउलट चार्ली इतका सरळ आहे, की हातगाडीवर रंगवलेले 'प्रामाणिक व्यापारी' हे बिरूद त्याच्या अंगाला कायमचे चिकटून राहते. लेखकाला स्वतःला २००१ मध्ये खोटी साक्ष दिल्याच्या गुन्ह्यासाठी ४ वर्षांची शिक्षा झाली, हे ठाऊक असलेला वाचक त्या बिरुदापाशी किंचित हसतो. पुस्तकाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

तिसरी तक्रार क्वचित स्पष्ट बोलली जाते, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: दुकान हळूहळू अदृश्य होते. पहिल्या तृतीयांशात कोबी, बटाटे, सुटी नाणी आणि शेजारच्या गाळ्याची किंमत आहे. पुढे चित्रांचे लिलाव, शेअर, मृत्युपत्रे आणि वारसांचा शोध त्यांची जागा घेतो. जो वाचक वैराच्या ओढीने पाने उलटतो त्याला याचे काहीच वाटत नाही, उलट त्याचा वेग वाढतो. धंद्यासाठी आलेला वाचक मात्र मधेच रेंगाळू लागतो आणि 'सुरुवात फार छान होती' असे म्हणून पुस्तक मिटतो. दोघांचेही निरीक्षण बरोबर असते, फक्त त्यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात.

ब्रॅडफर्ड यांच्या वाचकांची कुरकुर वेगळीच आहे. कादंबरी १९६८ मध्ये, वृद्ध आणि अतिश्रीमंत एमा आपल्या नातीसोबत विमानातून प्रवास करत असताना सुरू होते. त्यामुळे ती जिंकणार की नाही हा प्रश्न पहिल्याच प्रकरणात निकालात निघतो. ज्यांना उत्कंठा हवी त्यांना हे खटकते. मला ही योजना आर्चर यांच्यापेक्षा प्रौढ वाटते, कारण उरतो तो प्रश्न अधिक बोचरा आहे: एवढे मिळवलेल्या बाईची मुले तिच्याविरुद्ध कट का करतात? येथे दुकान कुटुंबाच्या मागे झाकले जात नाही, तर कुटुंब दुकानामुळेच कसे वाकते ते दिसते. फेअरली घराण्याचा सूड घेण्यासाठी एमा आपले नाव पुढे येऊ न देता एक कंपनी स्थापते. तेथे तर व्यापार हेच तिचे हत्यार होते, आणि चार्लीला कधीही न शोभणारी ही थंड आकडेमोड तिला शोभते.

तिच्यावर 'फार कठोर' असा शिक्का मारणारे वाचक आहेत आणि 'फार परिपूर्ण' असा मारणारेही आहेत. पहिल्या आक्षेपात मला थोडा दुजाभाव दिसतो. हेच गुण पुरुष नायकात असते तर त्यांना करारीपणा म्हटले गेले असते, आणि अनेक वाचक स्त्रियांना या पुस्तकाचा लळा लागला तो नेमका एमा आपल्या महत्त्वाकांक्षेबद्दल क्षमा मागत नाही म्हणून. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. तिचे सौंदर्य, तिचे डोळे, तिची वस्त्रे, खोल्यांतले सामान, यांची वर्णने इतकी सैल हाताने लिहिली आहेत, की शंभरेक पाने सहज गाळता आली असती. तरीही या कादंबरीच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते आणि १९८५ मधील तिच्या दूरचित्रवाणी रूपाने ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीला विक्रमी प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. लोकांनी ती शंभर पाने सोसली, हे उघडच आहे. आणखी एक व्यावहारिक फरक असा, की चार्लीची कथा एका खंडात संपते, तर एमाच्या घराण्याचा गोतावळा 'होल्ड द ड्रीम' आणि त्यानंतरच्या अनेक कादंबऱ्यांतून पुढे चालू राहतो.

या दोहोंत मन रमणार नाही असाही एक वाचक आहे, आणि त्याच्यासाठी तिसरे नाव सुचवणे भाग आहे: फ्रेंच लेखक एमिल झोला यांची १८८३ मधील कादंबरी 'ओ बोनर दे दाम'. येथे ऑक्टाव्ह मुरे हा महत्त्वाकांक्षी दुकानदार पॅरिसमध्ये अवाढव्य दालन उभारतो. त्यामागे 'बॉन मार्शे' या खऱ्या दालनाचा नमुना होता. ठरावीक भाव, विक्रेत्यांना विक्रीवर मिळणारी दलाली, मंदीच्या हंगामात होणारी नोकरकपात, गिऱ्हाईक खेचण्यासाठी तोट्यात विकलेले रेशीम, आणि बायकांनी सगळे दालन पालथे घालावे म्हणून मुद्दाम विस्कटलेली विभागांची मांडणी, हे सारे झोला यांनी जवळून पाहून लिहिले आहे. दुकान येथे शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांसमोर राहते. कापडाच्या याद्या वाचून कंटाळलेले वाचक पुष्कळ आहेत आणि नायिका दनीझ फारच सद्गुणी आहे ही तक्रारही खोटी नाही. शिवाय पिढ्यांची कहाणी या एकाच खंडात शोधू नये, ती २० कादंबऱ्यांच्या मालिकेत विखुरलेली आहे.

मात्र झोला वाचल्यावर आर्चर यांच्याकडे पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट अस्वस्थ करते. चेल्सी टेरेसच्या रांगेतील सदनिकांची इमारत मिसेस ट्रेन्थॅम चार्लीला मिळू देत नाहीत, आणि त्या अडथळ्याची आपल्याला मनापासून चीड येते. झोला यांच्याकडेही जागा न सोडणारा एक माणूस आहे, छत्र्या बनवणारा म्हातारा बूरा. पण तेथे आपण त्याच्या बाजूने असतो, कारण विस्तारणाऱ्या दालनाच्या भिंती त्याच्या खोपटाला कशा गिळत आहेत हे आपण आतून पाहत असतो. चार्लीच्या रांगेतले जुने खाटीक, बेकर आणि पुस्तकविक्रेते आपली दुकाने विकताना काय गमावत होते, हे आर्चर फारसे विचारत नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची पाटी उतरताना ज्याने पाहिली आहे, त्या वाचकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहणार नाही.

तेव्हा सुट्टीत, रेल्वेच्या लांब प्रवासात, किंवा बऱ्याच दिवसांनी इंग्रजी वाचनाला पुन्हा हात घालताना आर्चर घ्यावेत. भाषा सोपी आहे आणि प्रकरणे जेथे संपतात तेथे थांबवत नाही. घरातील मालमत्ता, वारस आणि आईची सत्ता यांविषयीचे नाट्य ज्यांना जवळचे वाटते त्यांनी ब्रॅडफर्ड निवडाव्यात आणि वर्णनांची पाने निःसंकोच चाळून पुढे जावे. ज्याने स्वतः गल्ला सांभाळला आहे, त्याने मात्र झोलापासूनच सुरुवात करावी. आणि आर्चर की ब्रॅडफर्ड हे ठरतच नसेल, तर ग्रंथालयाच्या फळीपाशी उभ्याने दोन तुकडे वाचून पाहावेत: चार्लीच्या आजोबांची हातगाडी आणि एमाचे फेअरली हॉलमधले स्वयंपाकघर. ज्या पुस्तकाशी पाय दुखू लागल्याचे उशिरा कळेल, ते घरी न्यावे.