ओपीडी रायडर आणि वजनाचं इंजेक्शन: विमा कंपनीला 2 तारे, मेडिकलला 5

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय 47, उंची पाच फूट दोन इंच, जून 2025 मध्ये वजन 96 किलो. झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे तीन वर्षं सीपॅप मशीनचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क लावून झोपते. पुण्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) मॅडमनी घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे सगळं विचारलं आणि मगच वजन कमी करणारं मौंजारो लिहून दिलं. आठवड्याला एक इंजेक्शन. पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, पुढे 5.

हे औषध मार्च 2025 मध्ये भारतात आलं. तेव्हा 2.5 ची एक बाटली 3,500 रुपयांना, 5 ची 4,375 ला. म्हणजे पहिला महिना 14,000 आणि नंतर दर महिन्याला 17,500. माझ्या निम्म्या पगारापेक्षा जास्त.

म्हणूनच मे महिन्यात आरोग्य विम्याची पॉलिसी रिन्यू करताना, अ‍ॅडमिट न होता होणाऱ्या खर्चाचं जादा संरक्षण म्हणजे ओपीडी रायडर घेण्याआधी, मी कस्टमर केअरला फोन करून सरळ विचारलं, वजनाचं इंजेक्शन ओपीडी रायडरमध्ये बसेल का? "हो मॅडम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची सगळी औषधं बसतात." वर्षाला 15,000 पर्यंत. मी 4,200 रुपये जादा भरले.

जूनचं बिल टाकलं. अकराव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं: लठ्ठपणा व वजन नियंत्रण, कोड 06, दावा नामंजूर.

मी पॉलिसी काढून बसले. कोड 06 म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतलं कलम, विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेलं, सगळ्या कंपन्यांना सारखंच. ते वाचलं तर त्यात फक्त ऑपरेशनचं लिहिलंय. वय 18 किंवा त्यापुढे हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान 40 हवा. किंवा 35 चालेल, पण कमी त्रासाचे उपाय आधी फसलेले हवेत, आणि सोबत झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह हवा. यात बसलात तर ऑपरेशनचा खर्च मिळतो. माझा बीएमआय 38.7 आणि अ‍ॅप्निया तीव्र. उद्या हे उपाय फसून पोटाचं ऑपरेशन करायचं झालं तर लाखांचं बिल कंपनी भरेल, आणि ते टाळण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनला एक रुपया नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. श्वासाचा त्रास असताना भूल घ्यायची भीती वाटते, म्हणून तर मी हा रस्ता धरला.

तक्रार केली, तर उत्तरात कारणच बदललं. आता म्हणे रायडरच्या अटींत, पान 31 वर, "वजन कमी करण्याची औषधे वगळून" असं आहे. आहे, मी पाहिलं. पण पैसे घेताना ते पान कुणी दाखवलं नाही, आणि फोनवर नेमकं उलट सांगितलं. कॉलचं रेकॉर्डिंग मागितलंय, अजून आलेलं नाही. रायडर घेणार असाल तर औषधाचं नाव लिहून ईमेलवर उत्तर मागा, मगच पैसे भरा.

मग दोन तारे तरी का? 2022 मध्ये ह्यांना डेंग्यू झाला तेव्हा याच कंपनीने तीन तासांत कॅशलेस मंजूर केलं होतं. ते मी विसरणार नाही.

आता आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलबद्दल. औषध साताऱ्यात मिळेना, तर काकांनी पुण्याच्या स्टॉकिस्टकडून मागवलं. थर्माकोलचा डबा माझ्यासमोर उघडला, बर्फाचं पाकीट अजून घट्ट आहे हे हात लावून बघायला लावलं. बाटली करंगळीच्या पेराएवढी, आत अर्धा मिलिलिटर औषध. मग इन्सुलिनच्या दोन सिरिंज काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. "ताई, ही लाल टोपणाची 40 ची, ही नारंगी टोपणाची 100 ची. तुम्हाला नारंगीच. पन्नासच्या रेघेपर्यंत भरायचं. लाल घेतली तर माप चुकेल." फ्रिजमध्ये ठेवायचं पण फ्रीजरला चिकटून नाही, गोठलं तर फेकून द्यायचं, हेही त्यांनीच सांगितलं. दर शनिवारी सकाळी मी तीच रेघ डोळ्यांसमोर धरून बघते.

पहिले दोन आठवडे मळमळ फार झाली, बद्धकोष्ठता अजून आहे. बारा आठवड्यांत वजन 90 वर आलंय. पतसंस्थेचा जिना आता मध्ये न थांबता चढते.

आतापर्यंत औषधाचे 49,000 गेले, त्यासाठी आरडी मोडली. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या वजनाच्या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचं, त्यानंतरच्या स्वस्त पर्यायाकडे वळायचं का, हे मॅडमना विचारणार आहे.

पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. अर्ज लिहून झालाय. सोबत दोन्ही पत्रं, पान 31 ची झेरॉक्स आणि त्या फोनची नोंद: 19 मे, दुपारी 12 वाजून 40 मिनिटं. सोमवारी पोस्टात टाकतेय.