मॉलिक्युलर मॉडेल किट, आठ महिने वापरल्यावर
जूनमध्ये घेतलं हे किट, गोळे आणि काड्या जोडून रेणूंचे आकार बनवायचं. घरी अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते मी आणि दरवर्षी केमिकल बाँडिंगला एक प्रश्न ठरलेला, मॅडम कार्बन डायऑक्साइड सरळ आहे मग पाणीच वाकडं का? फळ्यावर ऑक्सिजनच्या डोक्यावर चार ठिपके काढून काही कोणाला पटत नाही, म्हणून मुद्दाम लोन पेअरच्या (बाँडमध्ये न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीच्या) प्लास्टिकच्या पाकळ्या असलेलं किट शोधलं.

आणि खरंच फरक पडला. लाल गोळ्याला दोन पांढरे हायड्रोजन, उरलेल्या दोन भोकांत दोन पाकळ्या, मुलं हातात फिरवून बघतात आणि म्हणतात अरे म्हणजे चार जागा आहेतच, दोन नुसत्या दिसत नाहीत! सगळ्यात भारी काम झालं ते सल्फर टेट्राफ्लुओराइडला. सल्फरभोवती इलेक्ट्रॉनच्या पाच जोड्या, त्यात एक लोन पेअर, ती कुठे बसवायची? मी उत्तर सांगत नाही, दोन्हीकडे लावून बघायला सांगते. वरच्या टोकाला लावली तर 90 अंशावर तीन शेजारी येतात, मधल्या पट्ट्यात लावली तर दोनच, म्हणजे ढकलाढकल कमी, मग पोरं स्वतःच मधे बसवतात आणि सी-सॉचा आकार समोर तयार.

पण मोठी उणीव आहे ती सांगायलाच हवी. चार भोकांच्या गोळ्यांवर भोकं सगळी 109.5 अंशावर पाडलेली. कोनमापक लावला तर मिथेन, अमोनिया, पाणी तिघांचा कोन सारखाच येतो, खरे आकडे 109.5, 107 आणि 104.5. म्हणजे लोन पेअर बसते कुठे ते कळतं, ढकलते कशी ते नाही. बाँडमधली जोडी दोन न्यूक्लियसच्या ओढीत असते म्हणून निमुळती राहते, लोन पेअर एकाच न्यूक्लियसची, ती ऐसपैस पसरते आणि शेजाऱ्यांना दाबते, हे कडक प्लास्टिक दाखवणार कसं. त्यासाठी मी फुगे वापरते, चार फुगे एकत्र बांधले की आपोआप टेट्राहेड्रल (चार कोपऱ्यांकडे तोंड केलेले) होतात, दोन जास्त फुगवले की बाकीचे दोन जवळ सरकतात. किटसोबत हे कराच.

एका मुलीने विचारलं, हायड्रोजन सल्फाइडलाही दोनच लोन पेअर मग कोन 92 का? हे मात्र ना किटने कळतं ना फुग्यांनी, सल्फर मोठा आणि त्याचे बाँड जवळजवळ पी ऑर्बिटलचेच (इलेक्ट्रॉनच्या या जागा एकमेकींना 90 अंशावर असतात), ते फळ्यावरच समजवावं लागलं.

टिकाऊपणा ठीक, काड्या थोड्या सैल झाल्यात. पाकळ्या मात्र बॉक्समध्ये दोनच येतात हे फार खटकलं, झेनॉन डायफ्लुओराइडला झेनॉनवर तीन लागतात ना! तिसरी आम्ही जाड पुठ्ठ्याची कापून केली, चालते. पुढच्या बॅचसाठी अजून एक बॉक्स मागवलाय.