९० नंबर ऑइल की चेन स्प्रे: एका पावसाळ्यासकट नऊ महिन्यांचा अनुभव

बाइक २०० सीसीची, चेन उघडी, ५२० मापाची, ओ-रिंगवाली. जून ते फेब्रुवारी असे नऊ महिने आणि साधारण साडेदहा हजार किलोमीटर. रोजचं कोथरूड-हिंजवडी जाऊन-येऊन ३५ किलोमीटर आणि महिन्यातून एखाद-दुसरी फेरी ताम्हिणीतून माणगावकडे. एवढ्या काळात दोनच गोष्टी आलटून-पालटून वापरल्या: ९० नंबरचं गिअर ऑइल आणि चिकट थर सोडणारा चेन स्प्रे. मत आधीच सांगतो. पावसाळ्यात स्प्रे, दिवाळीनंतरच्या धुळीत ९० नंबर. पण या निवडीपेक्षाही जास्त फरक पडला तो ल्यूब (वंगण) कधी मारलं, चेनच्या कोणत्या बाजूला मारलं आणि नंतर किती पुसलं याने.

ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुश (पिनवर बसणारी नळी) यांच्यामधलं ग्रीस कंपनीतच भरलेलं असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबरी रिंगा असतात. बाहेरून मारलेलं ल्यूब त्या ग्रीसपर्यंत पोचत नाही, पोचायची गरजही नाही. त्याची कामं वेगळी: रोलर बुशवर मोकळा फिरला पाहिजे, स्पॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातावर कोरडा घासला जाऊ नये, रिंगा कोरड्या पडून तडकू नयेत आणि पट्ट्यांना गंज लागू नये. त्यामुळे जाड थराचा काहीच उपयोग नाही. बाहेरच्या पट्टीवर जे लोण्यासारखं दिसतं ते फक्त धूळ धरून ठेवतं.

आता ९० नंबर. कित्येक बाइकच्या मॅन्युअलमध्ये चेनसाठी हेच ऑइल सांगितलेलं असतं. नंबर मोठा म्हणून ते फार दाट असेल असा गैरसमज आहे. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. ९० नंबर गिअर ऑइलचा दाटपणा साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकाच असतो. म्हणूनच ते रोलरच्या फटीत चटकन उतरतं, आणि म्हणूनच चाक फिरताना भिरकावलंही लवकर जातं. लावायला बिनसुईची १० मिलीची सिरिंज उत्तम. चेनला ११० च्या आसपास कड्या, प्रत्येक कडीला रोलरच्या दोन्ही कडांना एकेक थेंब, म्हणजे ८ ते १० मिलीत अख्खी चेन होते. लिटरभर ऑइल शंभरएक वेळा पुरतं. कपड्याने किंवा ब्रशने चोपडलं तर तिप्पट लागतं आणि त्यातलं बरंचसं रिमवर जातं.

कोरड्या दिवसांत हे ३०० किलोमीटर छान टिकतं. ३५० च्या पुढे कमी वेगात खरखर ऐकू येऊ लागते. पावसात मात्र त्याचा टिकाव लागत नाही. जुलैत पौडपासून सलग पावसात घाट उतरून माणगाव गाठेपर्यंत चेन धुतल्यासारखी कोरडी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांच्या कडांवर नारिंगी झाक आली होती. त्याच रस्त्यावर, तशाच पावसात स्प्रेचा थर रोलरच्या आतल्या बाजूला बोटाला चिकटण्याइतका शिल्लक होता. जून ते सप्टेंबर स्प्रे, हे तेव्हाच पक्कं केलं.

स्प्रे घेताना डबा वाचून घ्या. मोटुल कंपनीच्या डब्यांवर सी१ ते सी४ असं लिहिलेलं असतं. त्यातला सी१ चेन साफ करायचा आहे, ल्यूब नाही. सी२ रस्त्यासाठी, सी३ ऑफरोडसाठी, सी४ फॅक्टरी लाइन, तोही ल्यूबच. क्लीनरलाच ल्यूब समजून तो मारायचा आणि गाडी काढायची, हे सर्रास होतं.

कोणत्याही स्प्रेमध्ये ल्यूबसोबत पातळ द्रावक असतो. तोच ल्यूबला फटीत घेऊन जातो आणि मग उडून जातो. मागे चिकट थर उरतो. द्रावक उडायच्या आत गाडी काढली की पातळ ल्यूब चाकाबरोबर भिरकावलं जातं आणि रिमवर, नंबरप्लेटच्या मागे काळे ठिपके दिसतात. लोक म्हणतात स्प्रे खराब आहे. स्प्रे चांगला असतो, वेळ चुकलेली असते. संध्याकाळी घरी आल्यावर, चेन कोमट असताना मारायचा आणि रात्रभर गाडी उभी ठेवायची. अगदीच घाई असेल तरी अर्धा तास.

मारायची पद्धत: गाडी डबल स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणं म्हणजे बोट तोडून घेणं आहे. फडका स्पॉकेटमध्ये ओढला गेला की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. नळी चेनच्या खालच्या पदराच्या आतल्या बाजूला, म्हणजे दात जिथे बसतात त्या बाजूला, दोन-तीन इंचांवर धरायची. चेन स्पॉकेटवर वळते तेव्हा ल्यूब बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, त्यामुळे आत मारलेलं आपसूक बाहेरपर्यंत पोचतं. बाहेरून मारलेलं सरळ उडून जातं. एक फेरी डाव्या पट्ट्यांच्या फटीवर, एक उजव्या, बस. मागे पुठ्ठा धरायचा, टायरवर थेंबही जाता कामा नये. डिस्कवर उडालंच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसून घ्या, तो फवारा चेनवर मात्र जाऊ देऊ नका. पॅडमध्ये ल्यूब मुरलं असेल तर पॅड बदला.

दहा मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने चेन हलकेच पुसायची. ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पुसल्यावर पट्ट्या नुसत्या ओलसर दिसल्या पाहिजेत. ऑक्टोबरपासून कोथरूड-हिंजवडीच्या धुळीत न पुसलेल्या स्प्रेचा चार-पाच दिवसांत काळा लगदा होत होता. बोटांत चोळला की वाळू कचकच लागते. रोलर आणि दात तोच लगदा झिजवतो. म्हणून कोरड्या महिन्यांत परत ९० नंबरवर आलो: दर ३०० किलोमीटरला थोडंसं, नीट पुसून.

साफसफाई हजारेक किलोमीटरला, पावसाळ्यात चिखल झाला की लगेच. रॉकेल मिळालं तर उत्तम, मऊ नायलॉन ब्रशने. नाहीतर ओ-रिंगला चालेल असं लिहिलेला चेन क्लीनर. पेट्रोल नको, त्याने रबर फुगतं आणि कडक होतं. तारेचा ब्रश रिंगा फाडतो. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप चेनवर जवळून धरू देऊ नका, आणि धुतल्यावर तो चकाकीसाठी डिझेल मारत असेल तर आधीच नको म्हणून सांगा. डिझेलने उरलेलं ल्यूबही पातळ होऊन गळतं. गॅरेजमधलं काढलेलं काळं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून चेनवर ओतलं जातं. त्यात झिजलेल्या धातूचा बारीक कण असतो, ते लावूच नये. डबीतलं घट्ट ग्रीसही नको, ते फटीत उतरत नाही.

ल्यूब झाल्यावर चेन सैल वाटली म्हणून लगेच आवळायला जाऊ नका. खालच्या पदराच्या मध्यावर वर-खाली किती हलते ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, आणि चाक फिरवत जिथे सगळ्यात ताठ लागते तिथेच मोजा. जास्त आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर ताण देते आणि लवकर लांबते.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजायचं. ५२० च्या नव्या चेनला हे अंतर ३१७.५ मिमी असतं, ४२८ ला २५४. दोन टक्के वाढलं, म्हणजे ५२० ला ३२४ च्या आसपास गेलं, की चेन आणि दोन्ही स्पॉकेट एकत्र बदलायचे. नव्या चेनखाली जुने, हुकासारखे वाकलेले दात ठेवले तर नवी चेनही लवकर संपते. नऊ महिन्यांनंतर माझी ३१८.५ आहे, वेगवेगळ्या तीन ठिकाणी मोजून.

एक जागा मात्र सुरुवातीला नजरेतून सुटली होती: पुढच्या स्पॉकेटचं कव्हर. उडालेलं सगळं ल्यूब आणि धूळ तिथे साचते. ५,००० किलोमीटरला उघडलं तेव्हा आत दोन बोटं जाड काळा थर होता आणि चेन रोज त्यालाच घासून जात होती. खरवडून, रॉकेलने पुसून घेतलं आणि कमी वेगात येणारा आवाज तिथल्या तिथे कमी झाला. कव्हर काढलेलं असताना चेन हळूहळू फिरवून एकेक कडी बघून घ्या: पिनजवळ लालसर भुकटी दिसली किंवा एखादी कडी स्पॉकेटवरून आल्यावर सरळ न होता वाकडीच राहिली, तर तिथली रिंग गेलेली आहे आणि आतलं ग्रीसही. ती कडी कोणत्याही ल्यूबने सुधारत नाही.