टो-हॉल मोड: आठ महिने, १३ हजार पौंडांचा ट्रेलर आणि डोंगरातला आय-७०

ट्रकचा टो-हॉल मोड (जड ट्रेलर ओढताना गिअरबॉक्सची गिअर बदलायची पद्धत बदलणारं बटण) आठ महिने झाले वापरून, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मी ट्रक घेतला तेव्हा हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, उलट विकणारा म्हणाला की नवीन गाडी आहे, गिअरबॉक्सला सगळं आपोआप कळतं, त्या बटणाकडे बघायचीही गरज नाही. तसं अजिबात नाहीये. वजन ओढत डोंगर उतरायचा असेल तर ते बटण म्हणजे ट्रकमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे असं माझं ठाम मत झालंय.

आधी माझं काय आहे ते सांगतो. एक-टनवाला डिझेल पिकअप, मागे सिंगल टायर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) कंपनीकडूनच आलेला. मागे १४,००० पौंड क्षमतेचा ट्रेलर, त्यावर छोटा पोकलेन आणि दोन-तीन बकेट. ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर १३,३०० पौंड भरला आणि ट्रक, डिझेल, हत्यारं, मी आणि भाचा धरून सगळं मिळून २१,५०० च्या आसपास. कागदावर ट्रकचं भरून कमाल वजन ११,४०० पौंड आणि ट्रेलरचं १४,०००, बेरीज २५,४००, म्हणजे २६,००१ च्या खाली, त्यामुळे सीडीएल (जड गाड्यांचं कमर्शियल लायसन्स) लागत नाही. पण साध्या लायसन्सवर चालतंय म्हणजे वजन हलकं आहे असा समज कोणी करून घेऊ नका.

काम डेन्व्हरचं आणि ग्रँड जंक्शनकडचं, म्हणजे महिन्यातून तीन-चार वेळा कोलोरॅडोतल्या आय-७० हायवेवरून पूर्ण डोंगर पार करायचा. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, पुढे व्हेल पास १०,६६२ फुटांवर, आणि दोन्हींच्या उतारांवर ७ टक्क्यांपर्यंतची उतरण. परतीला तेच उलटं.

पहिली फेरी सप्टेंबरमधली. चढ मस्त चढला, टर्बो डिझेल असल्यामुळे उंचीवर दम वगैरे लागला नाही, मी खूश. बोगद्यातून बाहेर पडलो आणि सिल्व्हरथॉर्नकडचा उतार सुरू झाला. मोड बंद, एक्झॉस्ट ब्रेक बंद, गिअरबॉक्स आपला वरच्या गिअरमध्ये निवांत, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून. थोडा दाबला की वेग ताशी ५५ मैल, सोडला की लगेच ६५, परत दाबला. तीनेक मैल गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, जळका वास येतोय, आपलाच आहे का?" आरशात बघितलं तर ट्रेलरच्या चाकांमधून धूर. पेडल आधीपेक्षा खोल जात होतं आणि गाडी थांबायला मागत नव्हती. कसंबसं खालच्या गिअरमध्ये टाकून कडेच्या लेनने खाली आलो आणि एक्झिट घेऊन मोकळ्या जागेत उभा राहिलो, तर हात थरथरत होते. रस्त्यात रनअवे रॅम्पची (ब्रेक गेलेली गाडी घालून थांबवायची बाजूची वाट) पाटी दिसली होती आणि त्या क्षणी मी खरंच विचार केला होता की आता तिकडे घालावी लागते का काय.

तिथेच एक सरदारजी आपला अठरा चाकी ट्रक लावून उभे होते, धूर बघून स्वतःहून आले. त्यांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते मला मॅन्युअलच्या चाळीस पानांत कळलं नसतं. "ब्रेक पकड के मत रखो भाई, दबाओ और छोड़ दो. रोकने का काम इंजन को दो." आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर सांगायचे ना, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, तेच हे. फक्त ऑटोमॅटिकमध्ये ते गिअरबॉक्सला सांगावं लागतं, आणि सांगायचं बटण म्हणजे टो-हॉल.

घरी येऊन मी हिशोब केला. बोगद्यापासून खाली सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण २,००० फूट उतरतो. साडेनऊ-पावणेदहा टन वजन तेवढं खाली आणायचं तर जी ऊर्जा निघते ती नळाचं दीडशे लिटरपेक्षा जास्त पाणी उकळवेल एवढी आहे. यातलं काही हवा आणि टायर खातात, बाकी सगळं कुठेतरी जायलाच पाहिजे. मी ते सगळं ब्रेकच्या ड्रममध्ये आणि रोटरमध्ये भरत होतो.

आता मोड नेमकं करतो काय ते, मला आठ महिन्यांत जे जाणवलं त्यावरून सांगतो. चढाला तो वरचा गिअर उशिरा टाकतो, आणि टाकलेला गिअर धरून ठेवतो, सारखी वर-खाली चुळबुळ करत नाही. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे दोन्ही थेट जोडून ठेवणं, पण जास्त वेळ धरून ठेवतो. हे महत्त्वाचं आहे, कारण लॉक सुटलं की आतलं ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. गिअरबॉक्सला मारणारी गोष्ट वजन नाही, उष्णता आहे. उताराला मात्र खरा फरक. ब्रेक एकदा ठामपणे दाबला की गिअरबॉक्स समजतो की याला वेग कमी हवाय, मग तो स्वतः खालचा गिअर टाकतो, आरपीएम वर जातात आणि इंजिन गाडी धरून ठेवतं.

इथे डिझेलची एक गोष्ट लक्षात घ्या. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि त्यातून इंजिन गाडीला अडवतं. डिझेलला तशी हवा अडवणारी झडप पेट्रोलसारखी काम करत नाही, त्यामुळे नुसतं डिझेल इंजिन उताराला फार कमी धरतं. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक. टर्बोच्या आतली पाती मिटतात, धुराला बाहेर जायला वाट उरत नाही, पिस्टनला तो दाब ढकलत बसावं लागतं. पण हे सगळं आरपीएम वर असतील तरच जोरात चालतं. १,५०० वर एक्झॉस्ट ब्रेक चालू असूनही काही खास जाणवत नाही, २,८०० वर तोच ब्रेक पट्टा ओढल्यासारखा लागतो. त्यामुळे टो-हॉल आणि एक्झॉस्ट ब्रेक ही जोडी आहे, एक लावून दुसरा बंद ठेवला तर अर्धंच काम होतं.

सुरुवातीला त्या आवाजाची भीती वाटायची, इंजिन ओरडतंय, काहीतरी फुटेल असं वाटायचं. नाही फुटत. पाय काढलेला असताना इंजिनात डिझेल जातच नाही, ते नुसतं चाकांच्या जोरावर फिरत असतं, आणि लाल रेषेच्या आत असेल तर त्याला ते झेपतं.

माझी आताची पद्धत अशी. बोगद्याच्या आतच वेग ४५ वर आणतो, बाहेर पडायच्या आधी. हे फार महत्त्वाचं, कारण मोड जादू नाही, ६५ ने उतारात शिरलात तर तो खालचा गिअर देणारच नाही, इंजिन जास्त फिरेल म्हणून तो नकार देतो, मग परत ब्रेकच. ४५ ला चौथा गिअर लागतो, आरपीएम २,७०० च्या आसपास, आणि पाय दोन्ही पेडलवरून काढून गाडी तशीच खाली येते. वेग ५० कडे गेला की ब्रेक जोरात दाबून ४२ ला आणतो आणि पूर्ण सोडतो. पूर्ण उतारात असा ब्रेक मला चार ते पाच वेळा लागतो. पहिल्या फेरीत पाय उचललाच नव्हता. खाली थांबून ट्रेलरच्या हबजवळ हात नेऊन बघतो, कोमट लागतात, बस.

गिअरबॉक्सचं तापमान. माझ्या मीटरवर मोडशिवाय चढाला २२० फॅरनहाइट दिसलंय, मोड लावून त्याच चढाला, तेवढ्याच वजनाला १९५ ते २०५ च्या मध्ये राहतं.

तक्रारी पण आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे माझ्या ट्रकमध्ये चावी बंद केली की मोड पण बंद होतो. जानेवारीत जॉर्जटाउनला डिझेल भरायला थांबलो, परत निघालो, आणि चढाला गिअरबॉक्स वर-खाली, वर-खाली करायला लागला तेव्हा कळलं की लावलाच नाही. चढावर कळलं म्हणून ठीक, उतारावर कळलं असतं तर परत तोच प्रसंग. तेव्हापासून डॅशवर लाल टेपचा तुकडा चिकटवलाय, निघताना त्याला हात लावून मगच गिअर टाकतो. काही गाड्यांमध्ये मोड लक्षात राहतो म्हणे, घेताना हे नक्की तपासा.

दुसरं, रिकाम्या ट्रकला मोड लावून शहरात चालवू नका, उगाच गिअर धरून ठेवतो, ब्रेकला पाय लावला की धक्का देतो, काही फायदा नाही. सपाट रस्त्यावर, कॅन्ससकडे एकदा गेलो तेव्हा, भरल्या ट्रेलरला मोड लावून साधारण अर्धा मैल प्रति गॅलन कमी मिळाला. मला तो चालतो.

बर्फाचं वेगळं सांगतो कारण इथे मोड तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिनाशी जोडलेल्या चाकांना धरतो, म्हणजे टू-व्हीलमध्ये फक्त मागच्यांना. निसरड्यावर ती चाकं घसरली की मागून १३ हजार पौंड ढकलायला आहेतच, ट्रक आडवा व्हायला वेळ लागत नाही. फेब्रुवारीत व्हेल पासवर मला मागचं चाक एकदा सुटल्यासारखं जाणवलं, लगेच एक्झॉस्ट ब्रेक बंद केला, फोर-व्हील लावलं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हातातला लिव्हर हलका दाबला, त्याने ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ झाला. आता रस्ता पांढरा दिसला की एक्झॉस्ट ब्रेक आधीच बंद आणि वेग २५-३०. खरं तर तेव्हा निघायचंच नाही, पण काम असतं.

आणि हो, ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा) नीट लावलेला नसेल तर वरचं सगळं फुकट. मोकळ्या कोरड्या जागेत २०-२५ च्या वेगाने फक्त हातातला लिव्हर दाबून बघायचं, चाकं लॉक होईपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवायचा आणि मग थोडा कमी करायचा. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रेलरला आकडा वेगळा येतो. माझा पहिल्या फेरीत रिकाम्याचाच आकडा ठेवलेला होता, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे ट्रेलर स्वतःचा पूर्ण वाटा उचलत नव्हता आणि ट्रकच्या ब्रेकवर जास्त भार येत होता, पेडल खोल गेलं ते त्यामुळेच असणार.

गेल्या महिन्यात ट्रकचे पॅड मोजले, पुढचे अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. ट्रेलरचे शू मात्र पहिल्या फेरीनंतरच बदलावे लागले होते, जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर पुढच्या आठवड्यात बदलतोय, कंपनीने सांगितलेल्या मैलांच्या बरंच आधी, कारण माझे सगळे मैल ओझ्याचे आहेत. ऑइल काळं निघतं का लाल ते बघून इथेच खाली टाकतो.