सरासरी ८० येऊनही गचके: नव्या मशीनचा सात महिन्यांचा अनुभव

गेम खेळायला नवा कॉम्प्युटर घेतला, त्याच्या कोटेशनवर ‘रॅम ८ जीबी × २’, म्हणजे ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या), लिहिलेलं होतं. बिलावर आलं नुसतं ‘१६ जीबी’. गाडीची वेळ झाली होती, बेरीज जुळत होती, मी पैसे देऊन निघालो. सात महिने झाले, त्या एका ओळीचा राग अजून उतरलेला नाही. हे लिहायला बसलो तेही तिच्यामुळेच.

मशीन नेहमीचंच आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५०एम मदरबोर्ड, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा). मॉनिटर सोडून ६४ हजार. जळगावात हेच सहा हजारांनी महाग सांगत होते, म्हणून मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठला. दोन वर्षं पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून जमवलेल्या पैशांत सहा हजार ही लहान रक्कम नाही. दुकानात मशीन जोडून, विंडोज टाकून, चालू करून दाखवलं. निघताना दुकानदारानं ग्राफिक कार्ड परत काढलं आणि त्याच्या खोक्यात वेगळं दिलं, कारण प्रवासातल्या हादऱ्यांत जड कार्ड लटकतं आणि स्लॉटला इजा होते. हे काम त्यानं चोख केलं होतं. घरी आल्यावर कार्ड मी बसवलं.

गेम सायबरपंक २०७७. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता आणि मी इतरांचे व्हिडिओ बघत बसायचो. त्यामुळे नाइट सिटीत रात्री, पावसात, मोटारसायकलवरून पहिली चक्कर मारली तेव्हा खरंच अंगावर काटा आला. दोन मिनिटांत पहिला गचका बसला. आवाज चालू राहतो, चित्र क्षणभर थांबतं, आणि पुढच्या क्षणी आपण वळणाच्या पलीकडे खांबात घुसलेले असतो. मग दर दहा-पंधरा सेकंदांनी तेच. पायी चालताना कमी, गाडीवर जास्त, बाजारात गर्दीत सगळ्यांत जास्त.

दुकानात फोन केला. ‘बेंचमार्क चला के देखो सर.’ गेमच्या सेटिंगमधलाच बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालवला, सरासरी सेकंदाला ८० फ्रेमची, म्हणजे ८० चित्रांची, आली. ‘अस्सी आ रहा है ना सर, और क्या चाहिए?’ पहिल्या फोनवर माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आता आहे, आणि हा जवाब ज्याला ज्याला मिळाला असेल त्याच्यासाठी हिशोब मांडतो. एका सेकंदात ८० फ्रेम आल्या. त्यातल्या ७९ फ्रेमना प्रत्येकी ११ मिलिसेकंद लागले, म्हणजे ८६९. उरलेले १३१ मिलिसेकंद एकट्या शेवटच्या फ्रेमनं घेतले. सरासरी बरोब्बर ८०, आणि तरी डोळ्यासमोर चित्र थांबलं. म्हणून सरासरीकडे बघायचंच नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्ये ‘फ्रेमटाइम’ (एका फ्रेमला लागलेला वेळ) आकड्यात न ठेवता आलेखात लावा. रेघ सपाट राहिली पाहिजे. माझी रेघ ईसीजीसारखी होती.

मे ते जुलै सगळे उपाय झाले. डीडीयू या टूलनं ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर ठेवणारी सेटिंग) चालू, व्ही-सिंक बंद. फ्रेम ६० वर बांधून पाहिल्या, त्यानं बाकीचं चित्र शांत झालं पण गचका तिथेच. मे महिन्यात खोलीत ३९ अंश असायचे, म्हणून तापमानावरही संशय घेतला. दारात कूलर लावून, केसचं झाकण काढून खेळलो, फरक शून्य. एएमडीच्या प्रोसेसरांवर एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे गचके येतात हे कंपनीनं २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं होतं आणि त्यासाठी नवं बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) निघालं होतं. माझं बायॉस त्यानंतरचं होतं. शिवाय त्या दोषात आवाजही अडकतो असं लोक सांगतात, माझा आवाज स्वच्छ होता. तीही वाट बंद.

यात एक गोष्ट मात्र उपयोगाची सापडली. एकाच गल्लीतून दहा वेळा जायचं. पहिल्या फेरीत गचका बसला आणि पुढच्या नऊ फेऱ्या स्वच्छ गेल्या, तर दोष बहुधा शेडरचा, म्हणजे दृश्य कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा. डीएक्स११ मध्ये (डायरेक्टएक्स, गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) शेडर तयार करण्याचं बरंचसं काम ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर पडद्यामागे उरकायचा. डीएक्स१२ मध्ये ती जबाबदारी गेमवर आली. गेमनं ते आधी तयार करून ठेवले नाहीत तर दृश्य पहिल्यांदा समोर येतं तेव्हाच ते बनवावे लागतात आणि तेवढा वेळ फ्रेम खोळंबते. एकदा बनले की डिस्कवर साठतात. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातातल्या गेमयंत्रावर हा त्रास कमी जाणवतो, कारण तिथे सगळ्यांचं हार्डवेअर जवळपास एकच असल्यानं व्हॉल्व्ह आधीच तयार केलेले शेडर पाठवू शकते. माझ्याकडे दहाच्या दहा फेऱ्यांत गचका. म्हणजे मशीनमध्येच काहीतरी होतं.

ऑगस्टमध्ये थर्मल पेस्ट आणायला जळगावातल्या त्याच दुकानात गेलो, जिथे सहा हजार जास्त सांगितले होते. सहज लक्षणं सांगितली. काउंटरवरच्या पोरानं डोकंही वर न करता विचारलं, ‘भाऊ, रॅमची स्टिक एक आहे का दोन?’

घरी येऊन सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारं टूल) उघडलं. चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट): सिंगल. वेग: १२००. डीडीआर रॅमचा वेग तिथे निम्मा दिसतो, म्हणजे खरा २४००. स्टिकवर छापलेले ३२००. केस उघडली तर चार स्लॉटांपैकी एकात १६ जीबीची एकच स्टिक. आकडे बघा: डीडीआर४ ३२००च्या दोन स्टिक दोन चॅनलवर सेकंदाला ५१.२ जीबी देऊ शकतात. मला एका चॅनलवर २४०० नं मिळत होते १९.२. शिवाय रायझनमध्ये प्रोसेसरचे आतले भाग ज्या दुव्यानं जोडलेले असतात तो सहसा रॅमच्याच तालावर चालतो. रॅम मंद, की तोही मंद. गर्दीच्या बाजारात शंभर माणसांची आणि गाड्यांची हालचाल सांभाळणारा प्रोसेसर रॅमची वाट बघत ताटकळत होता. पैसे मी दोन स्टिकचे ठरवून गेलो होतो, आणि एक्सएमपी (रॅम छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला बायॉसमध्ये जाऊन एक मिनिट लागतं. ते एक मिनिटही दिलं गेलं नाही.

दुकानाशी या वेळी जोरात भांडण झालं. मी कोटेशनचा फोटो पाठवला. ते म्हणाले, एक स्टिक दिली तर पुढे वाढवायला सोपं जातं, आम्ही तुमच्या सोयीचंच पाहिलं. मी म्हणालो, मग विचारायचं होतं. मशीन घेऊन मुंबईला या, बघतो, असं शेवटी ठरलं. येण्याजाण्याचं भाडं आणि एक दिवसाची रजा धरली तर नवी स्टिक स्वस्त पडत होती. २७०० रुपये देऊन त्याच मॉडेलची दुसरी स्टिक जळगावातून घेतली. मला ३२ जीबी नको होती. १६ पुरेशी होती, फक्त दोन भागांत हवी होती. हे २७०० मला आजही खुपतात.

दुसरी स्टिक बसवताना एक काळजी घ्या. पहिलीच्या शेजारी खोचली तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जाऊ शकतात आणि पैसे वाया. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. नंतर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करा आणि सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसतात का ते बघा.

त्या रात्री मी चार तास खेळलो. बाजारातले गचके गेले. सरासरी ८० ची ९० झाली, पण खरा फरक १ टक्का लो (सगळ्यांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग) या आकड्यात पडला: २९ वरून ५१. सप्टेंबरमध्ये कोणी विचारलं असतं तर मी लिहून दिलं असतं की सगळा दोष रॅमचा होता आणि विषय संपला.

तो संपला नव्हता. भरधाव गाडीवर, शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात शिरताना, फ्रेमटाइमच्या रेघेत अजून एखादा सुळका यायचाच. आधीपेक्षा कमी, पण यायचा. मी स्वतःला सांगत राहिलो की गेमच तसा असेल.

दिवाळीच्या साफसफाईत केस उघडून ब्लोअरनं धूळ काढली. तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वरचा लांब स्लॉट, ज्याला धातूची चकचकीत कड असते, रिकामा होता. कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये होतं. एप्रिलमध्ये मीच ते तिथे बसवलं होतं. वरच्या जागी ते प्रोसेसरच्या पंख्याला फार जवळ वाटलं होतं, आणि जळगावच्या उन्हाळ्यात मध्ये हवा खेळती राहावी म्हणून मी मुद्दाम खालची जागा निवडली होती. दोन्ही स्लॉट एकाच लांबीचे, कार्ड दोन्हींत बसतं, चित्र दोन्हींत येतं.

पण आतून ते एक नाहीत. बी५५० बोर्डावर वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, पीसीआयई (कार्ड जोडण्याची वाट) ४.० नं. खालचा चिपसेटमार्गे (बोर्डावरच्या दुसऱ्या चिपमधून), ३.० नं, आणि माझ्या बोर्डावर त्यात फक्त चार लेन, म्हणजे समांतर मार्ग. ४०६० आठ लेनचं कार्ड आहे. वर असतं तर त्याला सेकंदाला सुमारे १६ जीबी मिळाले असते, खाली मिळत होते जेमतेम ४. एरवी हे फारसं जाणवत नाही. पण कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी भरत आली आणि गाडी नव्या भागात शिरली की नव्या इमारती, पाट्या, रस्ते हे सगळं या अरुंद वाटेनं आत यावं लागतं. तेवढा वेळ फ्रेम थांबते. गचके गाडीवरच जास्त का यायचे, याचं उत्तर सात महिने माझ्या पायाशी पडून होतं.

तपासायचं असेल तर जीपीयू-झेड या ग्राफिक कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा. नुसती बघू नका, कारण काम नसताना कार्ड वीज वाचवायला ती वाट स्वतःच मंद करतं आणि आकडा उगाच घाबरवतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मग वाचा. माझ्याकडे ‘एक्स८ ४.० @ एक्स४ ३.०’ होतं. कार्ड वर घेतल्यावर ‘एक्स८ ४.० @ एक्स८ ४.०’. १ टक्का लो ५१ वरून ७० वर गेला. रेघ जवळपास सपाट झाली. प्रोसेसरचं तापमान दोन-तीन अंशांनीच वाढलं.

बाकी मशीनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि चांगलं आहे. प्रोसेसरबरोबर आलेला पंखा आवाज करतो पण काम करतो. व्हिडिओ एडिटिंगला ३२ जीबी आता कामी येतात, हे मान्य करतो. वीज गेली की यूपीएसवर सात-आठ मिनिटं मिळतात, सेव्ह करायला पुरतात. ड्रायव्हर अपडेटनंतर पहिला अर्धा तास दुसऱ्या एका गेममध्ये थोडे गचके येतात. ते शेडर पुन्हा तयार होण्याचे आहेत, दुसऱ्या फेरीत जातात, त्याची चिंता करत नाही.

आता पुन्हा रॅम. स्लॉटची चूक माझी होती आणि तिचा वाटा मोठा होता. गाडीवरचे गचके धरून सगळ्याबद्दल मी दुकानदाराला फोनवर नको ते बोललो होतो. म्हणून गेल्या आठवड्यात त्याला फोन केला आणि कार्डाची गोष्ट जशी घडली तशी सांगितली, माफीही मागितली. त्यानं नीट ऐकून घेतलं. गाडीनं मशीन नेणाऱ्या गिऱ्हाइकांना वरचा स्लॉट दाखवून देऊ, असंही म्हणाला. मला बरं वाटलं. मग मी दोन स्टिकचं विचारलं.

‘सर, सोला बोला था, सोला दिया.’

कोटेशनचा फोटो मी त्याला पुन्हा पाठवला आहे. ‘८ × २’च्या भोवती लाल गोल करून. त्यानं तो पाहिल्याचं दिसतंय, उत्तर अजून आलेलं नाही.